होळी, शेकोटी आणि पेट्रोल

ओली लाकडं नुसतीच धुमसत राहिली की होळीवर किंवा शेकोटीवर बाटलीतलं पेट्रोल ओतलं जातं. पेट्रोल उणे 40 अंश सेल्सियसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. रॉकेल त्यासाठी निदान 35 अंशांपर्यंत तापावं लागतं. म्हणूनच रॉकेलची सवय असलेला हात इथे फसतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा 3 ते 4 पट जड असते. ती वर उडून जात नाही, लाकडांच्या फटींत आणि जमिनीलगत पसरते, अन् डोळ्यांना दिसतही नाही. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असलं की काडी ओढताच लाकडांच्या आधी ही वाफच भडकते. काडी धरणारा त्या भडक्याच्या मधोमध उभा असतो.

विझल्यासारख्या दिसणाऱ्या निखाऱ्यांवर पेट्रोल ओतणं त्याहून घातक. ज्वाळा धारेवरून उलटी चढत बाटलीपर्यंत येते, दचकून बाटली फेकली जाते आणि जळतं पेट्रोल शेजारच्या पोरांच्या अंगावर उडतं.

सुक्या गोवऱ्या, काटक्या, नारळाच्या शेंड्या आणि कापूर एवढ्यावर होळी छान पेटते. कपड्यांनी पेट घेतलाच तर धावू नये, जमिनीवर लोळावं. भाजलेल्या जागी 20 मिनिटं नळाचं पाणी सोडावं. टूथपेस्ट, शाई, हळद काहीही लावू नये आणि थेट दवाखाना गाठावा.