दुपारी पीसी 'स्लीप'वर टाकताय? आधी लाइटचं बघा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. जेवायला घरी जाताना दुकानातला पीसी मी स्लीपवर टाकला. एक्सेलमध्ये उधारीची यादी उघडीच, सेव्ह न केलेली. आपल्या नालवाडीत उन्हाळ्यात लाइट कधी जाईल, नेम नाही. परत आलो तर सकाळपासूनच्या अकरा नोंदी गायब! (ऑटोरिकव्हर मीच बंद केलं होतं, पीसी हळू चालतो म्हणून.) चार गिऱ्हाइकांनी आपणहून आकडा सांगितला. बाकीची उधारी गेली.

स्लीपमध्ये उघडं काम रॅममध्ये राहतं आणि रॅमला सतत वीज लागते. हायबर्नेट तेच काम डिस्कवर लिहून पीसी बंद करतं, मग लाइट गेली तरी चालतं. लॅपटॉपला बॅटरी असते, म्हणून हा फरक पटकन कळत नाही.

मेनूत हायबर्नेट दिसत नाही? कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, मग 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. तिथे 'करंटली अनअव्हेलेबल' लिहिलेली ओळ दाबा, खाली हायबर्नेटला टिक करा आणि सेव्ह.

स्लीपमधून उठताना स्क्रीन काळीच राहिली, तर पॉवर बटण एकदा हलकं दाबून थांबा. धरून ठेवू नका. तसं केलं की पीसी सरळ बंद होतो.