उंदराच्या पिंजऱ्यातलं स्कँडल

हिंगोलीच्या आठवडी बाजारातून उंदराचा पिंजरा आणा. आत एक वाकडी तार लोंबत असते. तिला भाकरीचा तुकडा लावायचा. उंदीर नखरेल असेल तर भजं. त्यानं ओढलं की खट्! दार बंद. आपण त्या तारेला नुसतं ‘आकडा’ म्हणून मोकळे होतो. प्राचीन ग्रीकांनी मात्र सापळ्यातल्या आमिषाच्या काडीला खास नाव ठेवलं होतं: स्कँडालोन.

होय, पेपरातलं ‘स्कँडल’ तेच! ग्रीकमधून लॅटिन, मग फ्रेंच, मग इंग्रजी आणि शेवटी आपलं पहिलं पान. वाटेत जुन्या फ्रेंचमध्ये त्याला फाटा फुटला आणि बदनामी या अर्थाचा ‘स्लँडर’ जन्मला. भानगड आणि बदनामी सख्ख्या बहिणी निघाल्या, यात नवल ते काय!

हा सगळा प्रवास बायबलमधून झाला. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात येशू आपला शिष्य पेत्र याला खडक म्हणतो (पेत्र या नावाचा अर्थच तो) आणि पाचच वचनांनंतर त्यालाच स्कँडालोन म्हणून झापतो. मराठी बायबलमध्ये याला शब्द आहे ‘अडखळण’. त्यात ठेच लागते, पण भज्याचा वास हरवतो. अनुवादकांना तरी दोष कसा द्यावा? हिब्रू ग्रंथ ग्रीकमध्ये आणणाऱ्यांनीच हा शब्द सापळ्यालाही वापरला आणि ठेचेलाही. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२४ मध्ये ते छापून निघालं. असे किती सापळे त्यांनी ओलांडले असतील!

कैसराला, म्हणजे रोमन सम्राटाला, कर द्यावा की नाही, हा प्रश्न येशूला विचारला तोच मुळी त्याला शब्दांत पकडायला. इथे मार्कनं क्रियापद योजलंय शिकारीचं आणि मत्तयनं थेट फास लावण्याचं. फासेपारधी तितरासाठी लावतात तसला फास! मराठीतही आपण माणसाला ‘बोलण्यात अडकवतो’च. येशूच्या या प्रसंगाआधी साडेचारशे वर्षं, इ.स.पू. ४२५ मध्ये, अ‍ॅरिस्टोफेनिसच्या एका विनोदी नाटकात कोर्टातले चलाख वक्ते म्हाताऱ्यापुढे शब्दांचे सापळे मांडतात. तिथे शब्द आहे स्कँडालेथ्रोन, आपल्या आकड्याचाच भाऊबंद. वकिलांचं काही बदललेलं नाही.

कोळी असलेल्या पेत्राला ‘इथून पुढे तू माणसं धरशील’ असं सांगताना लूकनं निवडलेला शब्द आहे झोग्रेओ, म्हणजे जिवंत पकडणं. लढाईत न मारता कैद करण्यालाही हाच शब्द. मासे जाळ्यात आले की मरतात. ही माणसं मात्र जगायची होती. अख्ख्या नव्या करारात हा शब्द दोनदाच येतो. दुसऱ्यांदा येतो तेव्हा शेजारीच सैतानाचा फास मांडलेला असतो.

नव्या करारातल्या पत्रांचा लेखक पौल, त्याचं आवडतं क्रियापद दिओको, म्हणजे पाठलाग करणं. पूर्वी आपण ख्रिस्ती मंडळीचा छळ केला, हेही तो याच शब्दानं सांगतो आणि आता ध्येयाच्या मागे धावतोय, हेही. शिकारी तोच, फक्त सावज बदललं.

आता खरी गंमत. बायबलमधला पापाचा नेहमीचा ग्रीक शब्द हमार्तिया. त्याचं क्रियापद होमरच्या काव्यात भाला फेकून नेम चुकण्यासाठी येतं. आणि आपली ‘पारध’? व्युत्पत्तीकार ती संस्कृत ‘पापर्द्धि’पर्यंत नेतात: पाप अधिक ऋद्धी, म्हणजे पापाची भरभराट! ग्रीकांकडे नेम चुकला की पाप, आपल्याकडे लागला की पाप.

सेनगावकडच्या सोयाबीनमध्ये रात्री रानडुकरं घुसतात, तेव्हा शेतकऱ्याला दोन्ही व्युत्पत्ती एकदमच लागू होतात. नेम चुकला तर पीक जातं, लागला तर वनखातं दारात येतं.