दुकानासाठी कॉम्प्युटर आणि प्रिंटर घेताना



आपल्यापैकी कितीतरी घरांतला एखादा मुलगा, पुतण्या किंवा जावई आज ठाणे, कल्याण, डोंबिवली भागात धंदा करतो. कुणाचे किराणा दुकान आहे, कुणाचे मेडिकल आहे, कुणी गूळ-काकवी विकतो, तर कुणी वागळे इस्टेटमध्ये नाहीतर डोंबिवलीच्या एमआयडीसीत छोटे वर्कशॉप टाकले आहे. धंदा जरा वाढला की बिले, हिशेब आणि जीएसटीसाठी कॉम्प्युटर व प्रिंटर लागतोच. त्याचे पैसे पुष्कळदा गावाकडून, म्हणजे उसाच्या बिलातून जातात. तेव्हा ही वस्तू कशी पारखावी हे पैसे देणाऱ्यालाही समजले पाहिजे. बैल घेताना आपण दात बघतो, मोटार घेताना विहिरीची खोली सांगतो. तीच रीत येथे लावावयाची आहे.

आधी काम, मग यंत्र

दुकानदार पहिल्यांदा विचारतो, "बजेट किती?" आपण त्याला आधी काम सांगावे. दिवसाला किती बिले निघतात? बिलाच्या किती प्रती लागतात? रंगीत छपाई खरोखर लागते का? बिल मराठीत हवे का? या चार प्रश्नांची उत्तरे घरीच कागदावर लिहून मग बाजारात जावे.

बिले, हिशेब, ई-मेल आणि जीएसटीचे विवरण एवढेच काम असेल तर फार ताकदीचे यंत्र लागत नाही. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी असलेला साधा कॉम्प्युटर पुरतो. एसएसडी मात्र असलीच पाहिजे. जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्कवर यंत्र सुरू व्हायलाच वेळ जातो आणि गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळते.

डेस्कटॉप की लॅपटॉप? एका जागी बसून काम असेल तर डेस्कटॉप बरा. त्याचा बिघडलेला भाग वेगळा बदलता येतो, दुरुस्ती स्वस्त पडते. रात्री घरी नेऊन हिशेब करावयाचा असेल, नाहीतर गाळ्यात चोरीची भीती असेल, तर लॅपटॉप घ्यावा.

जुने यंत्र घेताना 'दात' मोजा

कंपन्यांनी काढून टाकलेले जुने कॉम्प्युटर बाजारात निम्म्याहून कमी भावात मिळतात. ते सगळेच वाईट असतात असे नाही. परंतु विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर तिला नेहमीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या मिळणे बंद झाले. विंडोज ११ इंटेलच्या साधारणपणे आठव्या पिढीपासूनच्या यंत्रांवर अधिकृतपणे चालते.

ही पिढी ओळखणे सोपे आहे. यंत्रावर 'आय ५ – ६५००' असे लिहिले असेल तर आडव्या रेघेनंतरचा ६ म्हणजे सहावी पिढी. ते घेऊ नये. '८४००' म्हणजे आठवी, '१०४००' म्हणजे दहावी. दुकानदार "आय फाइव्ह आहे साहेब, एक नंबर" एवढेच सांगतो, पिढीचे नाव काढत नाही. आपण विचारावे.

विंडोज परवान्याची आहे का, हेही यंत्र चालू करून दाखवायला सांगावे. चोरीची प्रणाली टाकून दिलेले यंत्र स्वस्त पडते खरे, पण त्यातून विषाणू शिरून सगळा हिशेब कुलूपबंद झाला की ती स्वस्ताई अंगाशी येते.

प्रिंटर : कोंबडी आणि मसाला

प्रिंटरच्या बाबतीत बहुतेक लोक फसतात ते एकाच जागी. 'चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला' ही म्हण जणू प्रिंटरसाठीच झाली आहे. यंत्र स्वस्त असते, शाई महाग असते. डिझेल इंजिन घेताना ते तासाला किती पिते हे आपण विचारतो. तसे येथे पानामागे किती खर्च, हे विचारावे.

उदाहरणादाखल हिशेब करू. समजा, एक लहान कार्ट्रिजचा प्रिंटर ४,००० रुपयांस मिळतो. त्याची कार्ट्रिज ८०० रुपयांची आणि तिच्यात १६० पाने निघतात. म्हणजे पानाला ५ रुपये. दुसरा शाईच्या टाकीचा प्रिंटर १२,००० रुपयांचा. त्याची काळ्या शाईची बाटली ४५० रुपयांची आणि पाने ४,५००. म्हणजे पानाला १० पैसे. दिवसाला २० पाने आणि महिन्याला २५ दिवस काम धरले तर ५०० पाने होतात. पहिल्या प्रिंटरला महिन्याची शाई २,५०० रुपयांची, दुसऱ्याला ५० रुपयांची. किमतीतला ८,००० रुपयांचा फरक साडेतीन महिन्यांच्या आत भरून निघतो.

आता उलट बाजू बघा. ज्याला महिन्याला २० पानेच लागतात, त्याची बचत महिन्याला ९८ रुपयांची होते. त्याला तोच फरक भरून निघायला जवळजवळ सात वर्षे लागतील. शिवाय वापर कमी असला की शाई नळीत वाळते. अशा माणसाने साधा काळा लेझर प्रिंटर पाहावा, कारण त्यात कोरडी पूड असते, ती वाळत नाही. नाहीतर सरळ झेरॉक्सच्या दुकानात पाने काढून आणावीत. त्यात कमीपणा कसला? शाईचा प्रिंटर घेतलाच, तर आठवड्यातून एखादे रंगीत पान काढीत जावे.

नव्या प्रिंटरसोबत आलेली कार्ट्रिज किंवा टोनर पुष्कळदा पूर्ण भरलेला नसतो. "सोबतच्याची पाने किती आणि नव्याची किती?" असे दोन वेगळे प्रश्न विचारावेत.

कोणत्या धंद्याला कोणता प्रिंटर

कारखान्याच्या काट्यावर टरटर आवाज करीत वजनाची पावती निघते, ती अनेक ठिकाणी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर. लोक म्हणतात, हे जुनाट यंत्र अजून का ठेवता? कारण त्यातली सुई कागदावर ठोका मारते, त्यामुळे कार्बन घालून एकाच वेळी दोन-तीन प्रती निघतात, आणि त्या प्रतींत नंतर फेरफार करणे अवघड असते. लेझर किंवा शाईच्या प्रिंटरला ठोकाच नाही, तेव्हा त्यावर कार्बन चालत नाही.

जीएसटीच्या नियमांप्रमाणे मालाचे बिल तीन प्रतींत करावयाचे असते : मूळ प्रत घेणाऱ्याला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी आपल्याला. डिलिव्हरी चलनही तीन प्रतींत लागते. म्हणून वागळे इस्टेट किंवा डोंबिवली एमआयडीसीतल्या वर्कशॉपवाल्याने, रोज चलने फाडावी लागत असतील तर, डॉट मॅट्रिक्सचा विचार जरूर करावा. चलने थोडीच असतील तर लेझरवर तीन वेळा काढून भागते.

किराणा, मेडिकल, चहा-नाश्ता अशा गर्दीच्या काउंटरला थर्मल प्रिंटर सोयीचा. त्याला शाईच लागत नाही, उष्णतेने अक्षर उमटते. परंतु तेच त्याचे वैगुण्य. ऊन, उष्णता आणि काळ यांनी ते अक्षर उडून जाते. जीएसटीची कागदपत्रे मात्र त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. तेव्हा खरेदीचे बिल थर्मल कागदावर मिळाले, तर त्याच दिवशी झेरॉक्स किंवा फोटो काढून ठेवावा.

बिल मराठीत हवे असल्यास दुकानातच आपल्या सॉफ्टवेअरवरून एक मराठी बिल छापून बघावे. अनेक छोट्या थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरे मुळात नसतात. चित्र म्हणून छापावी लागतात आणि वेग कमी होतो. डॉट मॅट्रिक्सचेही तसेच. मागाहून कपाळाला हात लावण्यापेक्षा आधी बघितलेले बरे.

पक्के बिल आणि अठरा टक्के

कॉम्प्युटर आणि प्रिंटरवर १८ टक्के जीएसटी आहे. ५०,००० रुपयांच्या मालावर ९,००० रुपये कर होतो. मुलाची जीएसटी नोंदणी नियमित पद्धतीची असेल आणि बिलावर त्याचा नोंदणी क्रमांक असेल, तर हे ९,००० त्याला आपल्या कराच्या देण्यातून वळते करता येतात. मात्र विकणाऱ्याने ते बिल आपल्या विवरणात दाखविले पाहिजे. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला ही सवलत नाही. कराच्या रकमेवर घसारा धरला असेल तर तेवढी वजावट मिळत नाही. हे हिशेबनीसाला सांगून ठेवावे.

"बिल नको असेल तर दोन हजार कमी करतो," असे कुणी म्हटले तर वरचा हिशेब आठवावा. दोन हजारांसाठी नऊ हजार गेले, आणि पुराव्याअभावी हमीही गेली.

हमी कुठे वाजवून घ्यावयाची?

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड कॉम्प्युटरच्या मालासाठी प्रसिद्ध आहे. तेथे भाव कमी मिळू शकतो. पण डोंबिवलीहून मध्य रेल्वेने दादर, तेथे गाडी बदलून ग्रँट रोड, आणि बिघाड झाला की सकाळच्या गर्दीत प्रिंटर काखेत घेऊन तीच वारी! गाळा बंद राहतो तो खर्च वेगळा. म्हणून हमी जागेवर येऊन दुरुस्त करण्याची आहे की यंत्र नेऊन देण्याची, आणि सेवा केंद्र नेमके कुठे आहे, हे बिलाआधी विचारावे. पाच-सातशे रुपये जास्त देऊन जवळच्या दुकानातून घेतलेले यंत्र पुष्कळदा स्वस्तच पडते.

तक्रारीची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. "धंद्यासाठी घेतले म्हणजे तुम्ही ग्राहक नाही," असे कुणी सांगेल, त्याने घाबरू नये. केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तो ग्राहकच आहे. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.

पाणी, वीज आणि हिशेबाची प्रत

उल्हास नदी आणि खाडीकाठच्या या भागाने २६ जुलै २००५ चा पूर पाहिला आहे. २०१९ च्या जुलैतही उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती. तळमजल्याच्या गाळ्यात कॉम्प्युटरचा डबा जमिनीवर ठेवू नये. कमरेच्या वर फळी ठोकावी. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि प्रिंटरमध्ये अडकतो, तेव्हा फोडलेला रिमही पिशवीत बांधून ठेवावा.

कॉम्प्युटरला यूपीएस जरूर घ्यावा. लेझर प्रिंटर मात्र त्यावर लावू नये. तो तापताना एकदम मोठा भार घेतो आणि लहान यूपीएस बसतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हिशेबाची प्रत. यंत्र पुन्हा विकत मिळते, तीन वर्षांची उधारी कुणाकडे किती हे विकत मिळत नाही. रोज रात्री एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती काढून घरी न्यावी. यंत्राला जोडून ठेवलेली प्रत यंत्राबरोबरच जाते. बेणे आपण सगळे एकाच शेतात ठेवत नाही, तसेच हे.

सभासदांनी या पानाचा फोटो काढून आपल्या मुलाबाळांना पाठवावा, आणि पैसे देण्यापूर्वी त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात : पानामागे खर्च किती, सेवा केंद्र कुठे, आणि बिल पक्के आहे ना? तिन्हींचे उत्तर नीट आले, तर पैसे खुशाल पाठवावेत.