‘केम छो’ची किंमत

इदी अमीनने ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. त्यांपैकी सुमारे २८ हजार लोक ब्रिटनमध्ये आले. अनेकांचे आप्त लेस्टर शहरात आधीच स्थिरावले होते, म्हणून ओढा तिकडेच होता. तेव्हा तेथील नगरपालिकेने ‘युगांडा आर्गस’ या दैनिकात जाहिरात दिली: घरे, शाळा अपुऱ्या आहेत, कृपया येथे येऊ नका. माणसे तरीही आली. बेलग्रेव्ह रोड आज गुजराती पेढ्यांनी व दिवाळीच्या रोषणाईने ओळखला जातो. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जुन्या ख्रिस्ती प्रार्थनागृहाचे जैन मंदिर झाले. ज्या शहराने येण्यापूर्वीच नकार कळविला, तेथला गोरा टपालवाला दारात उभा राहून ‘केम छो?’ म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात काय येत असेल?

वृद्धांना, विशेषतः ज्यांचे इंग्रजी भाजी-किराण्यापुरतेच राहिले अशा स्त्रियांना, बहुधा आनंदच होतो. उच्चाराची चूक त्यांच्या कानाला खटकत नाही. रुग्णालयातील परिचारिकेने ‘दुखे छे?’ एवढे विचारले, तरी आजीला आपले दुखणे स्वतःच्या शब्दांत सांगता येते. मुलाला दुभाष्या म्हणून रजा काढून थांबावे लागत नाही. दुकानदाराचा हिशेब थोडा निराळा असतो. ‘केम छो’ म्हणणारे गिऱ्हाईक पुन्हा येते, हे तो जाणतो. ताळेबंदात न दिसणारी ही मत्ता आहे, पण व्याज मात्र देते.

नातवाचे तसे नाही. तो लेस्टरमध्येच जन्मला, स्वप्नेही इंग्रजीतच पाहतो. अनोळखी माणसाने त्याचा चेहरा पाहून गुजरातीत सुरुवात केली, की त्याला त्यात ‘तू इथला नाहीस’ असे ऐकू येते. त्याला तुसडा म्हणणे अन्यायाचे होईल. आजीच्या बाबतीत शब्द तिच्या सोयीसाठी असतो; त्याच्या बाबतीत अनेकदा बोलणाऱ्याच्या हौसेसाठी.

शिवाय या लोकांची मायबोली तरी नेमकी कोणती? पूर्व आफ्रिकेतील दोन-तीन पिढ्यांच्या वास्तव्याने त्यांच्या गुजरातीत स्वाहिली शब्द मुरले आहेत. सुरी म्हणजे ‘किसू’, पातेले म्हणजे ‘सुफुरिया’, शेंगदाणे म्हणजे ‘जुगू’. अहमदाबादहून नव्याने आलेला पाहुणा हे ऐकून हसतो. इंग्रजाच्या अशुद्ध गुजरातीपेक्षा ते हसू अधिक बोचते, कारण ते आपल्यांचे असते.

आणि कधी बसथांब्यावर एखादा केनियन गृहस्थ ‘हबारी?’ म्हणून कुशल विचारतो. ‘म्झुरी’ हे उत्तर, ‘ठीक आहे’ अशा अर्थाचे, विचार करण्याआधीच ओठांवर येते. डोळ्यांपुढे सोडून आलेले घर, अंगण उभे राहते. मात्र त्या घरांत स्वाहिली मुख्यतः नोकरांशी बोलली जाई: भांडी घास, पाणी आण. नोकराचे कुशल विचारण्यासाठी ती क्वचितच वापरली गेली. आता त्याच भाषेत, त्याच रांगेत, समोरचा माणूस विचारपूस करतो आहे. पुष्कळ वृद्ध त्याच्याशी बस येईपर्यंत बोलत राहतात.