कृष्णविवरच कशावरून?

दिवाळीनंतर अक्षीच्या किनाऱ्यावर भाचीला समुद्राकडे कलणारी धनू रास दाखवत होतो. आपल्या आकाशगंगेचं केंद्र त्याच दिशेला. तिथे 40 लाख सूर्यांएवढं वस्तुमान एकवटलंय. तिनं विचारलं, "मामा, ते कृष्णविवरच कशावरून?"

प्रश्न अगदी रास्त आहे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चित्रात दिसते ती फक्त सावली. क्षितिज, म्हणजे ज्याच्या आतून प्रकाशही सुटत नाही ती सीमा, नसलेली, पण जवळपास तितकीच आवळलेली वस्तूही तशी सावली पाडू शकते.

2001 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ माझूर आणि मोटोला यांनी अशीच एक वस्तू मांडली: 'ग्रॅवास्टार'. पातळ कवच, आणि आत बाहेरच्या दिशेनं रेटणारी निर्वाताची ऊर्जा. ना क्षितिज, ना अनंत घनतेचा बिंदू!

आमच्या उरणसमोर, खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेले आभास मित्रा वेगळंच सांगतात: तारा ऊर्जा बाहेर टाकत कोसळतच राहतो, विवर कधी पुरं होत नाही. बहुतेक शास्त्रज्ञांना हे मान्य नाही. मलाही कृष्णविवरच पटतं, पण पारखून घ्यायलाच हवं.

कसोटी गुरुत्वलहरींची. दोन विवरं एकत्र आली की त्या लहरींत घंटेसारखा नाद उठून विरतो. क्षितिजाऐवजी पृष्ठभाग असेल, तर मागून प्रतिध्वनी यावेत. खात्रीचा प्रतिध्वनी अजून सापडलेला नाही.