केरसुणीतील लक्ष्मी

आश्विन अमावास्येस लक्ष्मीपूजनाच्या पाटाशी नवी केरसुणी ठेवून तिलाही हळदकुंकू वाहण्याची आपल्याकडे रीत आहे. पूर्वजांनी केरसुणीस लक्ष्मी मानले, यातील मर्म आम्हांस असे दिसते की, लक्ष्मी कष्टाने येते आणि निगुतीने टिकते.

ही निगुती लहानसहान गोष्टींत असते. डाळ तासभर भिजवून मगच शिजत घालावी. भांड्यावर झाकण ठेवावे. पाणी एकदा उकळले की आच मंद करावी. मोठ्या आचेने ते अधिक तापत नाही, केवळ वाफ होऊन आटते. 60 वॅटचा जुना दिवा रोज 5 तास लावला, तर 30 दिवसांत 9 युनिट वीज खर्च होते. 9 वॅटच्या एलईडी दिव्यास तेवढ्याच काळात दीड युनिटही लागत नाही.

काटकसर आणि कृपणता यांत मात्र अंतर आहे. कृपण दारी आलेल्यास विन्मुख धाडतो. काटकसरीच्या घरी अतिथीपुरते धान्य सदैव शिल्लक असते. ऋण काढून केलेल्या रोषणाईपेक्षा ऋणमुक्त घरातील एक पणती लक्ष्मीस अधिक प्रिय असेल, अशी आमची श्रद्धा आहे. वाचकहो, यंदा केरसुणीस कुंकू लावताना एवढे स्मरावे.