बोटीवर चढल्यावर आधी काय?

मायामीच्या बंदरात क्रूझच्या बोटीवर पाऊल ठेवलं, की मुलांचा पहिला प्रश्न, "पूल कुठाय?" आणि मोठ्यांचा, "जेवण कुठाय?" पहिल्या खेपेला आम्हीही थेट बुफे गाठला. मोठ्या बॅगा खोलीच्या दाराशी यायला संध्याकाळ होते, हे ठाऊक नव्हतं. पोहण्याचे कपडे अन् तापाचं औषध त्यातच! आता एक पिशवी हातातच ठेवतो.

पण खरा धडा पुढेच होता. जेवता जेवता धाकटी दिसेनाशी झाली. वीस मिनिटांनी सापडली, दोन मजले खाली, रडवेली. तिला ना खोलीचा नंबर ठाऊक, ना मस्टर स्टेशन, म्हणजे संकटात जमायची आमची जागा.

१३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटून कलंडली, ३२ जणांचा जीव गेला. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायचीच होती! २०१५ पासून बोट सुटण्याआधी किंवा सुटताच ती घेणं सक्तीचं आहे.

म्हणून आता चढल्याबरोबर आम्ही मुलांना हाताशी धरून आधी त्या जागी चालत जातो. सात आखूड भोंगे नि एक लांब, हा इशारा पाठ करून घेतो. बऱ्याच बोटींवर मुलांना त्या जागेच्या नंबराचा मनगटपट्टा मिळतो, तो बांधतो. खोलीत गेल्यावर लहान मापाची लाइफ जॅकेटं आहेत ना, तेही बघतो.

मग किड्स क्लबात नाव, मग पूल. बुफे काय, आठवडाभर कुठे पळून जात नाही!